बाँडिंग (लिनक्स)

लिनक्स संचालन प्रणालीमध्ये एकाच संगणकावरील दोन किंवा अधिक नेटवर्क इंटरफेस एकत्र बांधून त्यांचा एकच तार्किक इंटरफेस तयार करण्याच्या पद्धतीला बाँडिंग असे म्हणतात. हे काम लिनक्सच्या कर्नेलमधील बाँडिंग ड्रायव्हर करतो. एखादे नेटवर्क कार्ड, केबल किंवा स्विच बंद पडला तरी सर्व्हरचा संपर्क तुटू नये, हा बाँडिंगचा आजचा प्रमुख उपयोग आहे. अनेक जोडण्यांचा एकत्रित वेग मिळवणे हा दुसरा उपयोग होय. तार्किक इंटरफेसला सामान्यतः 'बाँड०' असे नाव दिले जाते. आयपी पत्ता या इंटरफेसलाच असतो. प्रत्यक्ष नेटवर्क कार्डे त्याचे सदस्य म्हणून काम करतात आणि त्यांना स्वतंत्र आयपी पत्ता नसतो.

बाँडिंगमधील दोषनिदान नेहमीच्या नेटवर्क दोषनिदानाहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे आहे. साध्या जोडणीत बिघाड झाला की सेवा बंद पडते आणि तक्रार लगेच येते. राखीव मार्ग असलेल्या यंत्रणेत मात्र पहिला बिघाड सेवेवर परिणाम करीत नाही, त्यामुळे तो बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा बिघाड झाल्यावर सेवा बंद पडते, तेव्हा प्रशासकासमोर एकाच वेळी दोन दोष उभे राहतात आणि त्यांपैकी एक कित्येक महिने जुना असू शकतो.

इतिहास

बाँडिंगचा उगम वेगाच्या गरजेतून झाला. १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड अंतराळ उड्डाण केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बेवुल्फ हा संगणकसमूह उभारला. त्यात इंटेलच्या ४८६ डीएक्स४ प्रोसेसरचे १६ संगणक होते. एका इथरनेट जाळ्याचा वेग या प्रोसेसरांना अपुरा पडत होता आणि इथरनेट स्विच त्या काळी महाग होते. म्हणून बेकर यांनी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये बदल करून एकाच संगणकाची वाहतूक एकाहून अधिक इथरनेट जाळ्यांवर वाटून दिली. लिनक्समधील बाँडिंग ड्रायव्हर मूलतः कर्नेल २.० साठी बेकर यांनी केलेल्या या बदलांतून आला आहे. पुढे त्यात राखीव जोडणी, देखरेख आणि स्विचशी वाटाघाट या सोयी जोडल्या गेल्या.

स्विचच्या बाजूने हीच कल्पना कल्पना या अमेरिकी कंपनीने 'इथरचॅनल' या नावाने मांडली. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे या कंपनीचे सहसंस्थापक होते. सिस्को कंपनीने १९९४ मध्ये ती विकत घेतली. निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांना परस्परांशी जुळवून घेता यावे यासाठी आयईईई या संस्थेने २००० मध्ये ८०२.३एडी हे मानक संमत केले. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात हलवण्यात आले, तरी लिनक्समध्ये संबंधित पद्धतीचे नाव आजही ८०२.३एडी असेच आहे.

कार्यपद्धती

ड्रायव्हरमध्ये ० ते ६ अशा सात पद्धती आहेत. राखीव मार्गासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत १ म्हणजे 'ॲक्टिव्ह-बॅकअप' होय. तीत एका वेळी एकच सदस्य वाहतूक करतो व बाकीचे थांबून राहतात. स्विचवर कोणतीही विशेष मांडणी लागत नाही आणि दोन सदस्य दोन स्वतंत्र स्विचना जोडता येतात, हे तिचे मोठे बळ आहे. पद्धत ४ म्हणजे ८०२.३एडी. तीत सर्व्हर आणि स्विच एलएसीपी या प्रोटोकॉलद्वारे एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करून कोणते पोर्ट एकत्र वापरायचे हे ठरवतात. पद्धत ० आणि २ यांमध्ये सर्व सदस्यांवर वाहतूक वाटली जाते, पण स्विचशी बोलणी होत नाहीत; स्विचवरील मांडणी प्रशासकाने हाताने जुळवावी लागते. पद्धत ३ प्रत्येक पॅकेट सर्व सदस्यांवरून पाठवते व ती क्वचितच वापरात असते. पद्धत ५ आणि ६ स्विचच्या मदतीशिवाय भार वाटण्याचा प्रयत्न करतात.

एकाच सबनेटमध्ये दोन पत्ते

बाँडिंग न करता सर्व्हरच्या दोन नेटवर्क कार्डांना एकाच सबनेटमधील दोन आयपी पत्ते देणे आणि त्यालाच राखीव व्यवस्था समजणे, हा नेहमी आढळणारा गैरसमज आहे. ही मांडणी सुरुवातीला चालताना दिसते, त्यामुळे तो दीर्घकाळ टिकतो.

लिनक्समध्ये आयपी पत्ता हा एखाद्या कार्डाचा नसून संपूर्ण संगणकाचा मानला जातो. त्यामुळे पहिल्या कार्डाच्या पत्त्यासाठी आलेल्या एआरपी विचारणेला दुसरे कार्डही आपल्या मॅक पत्त्यासह उत्तर देऊ शकते. जाळ्यातील इतर संगणकांच्या एआरपी कोष्टकात मग कधी एक, तर कधी दुसरा मॅक पत्ता नोंदला जातो. या प्रकाराला 'एआरपी फ्लक्स' म्हणतात. 'एआरपी इग्नोर' आणि 'एआरपी अनाउन्स' या कर्नेल-मूल्यांनी तो आवरता येतो. बाहेर जाणारी वाहतूक मात्र मार्ग-कोष्टकातील एकाच नोंदीनुसार बहुधा एकाच कार्डावरून जाते. म्हणजे पॅकेट एका कार्डावर येते आणि उत्तर दुसऱ्यावरून जाते. 'रिव्हर्स पाथ फिल्टर' कडक पातळीवर असल्यास अशी पॅकेट्स कर्नेल टाकून देतो आणि त्याचा कोणताही ठळक संदेश दिसत नाही.

या मांडणीची खरी कसोटी केबल काढल्यावर लागते. इंटरफेस चालू स्थितीत असताना त्याचा कॅरिअर संकेत गेला, तरी लिनक्स त्या इंटरफेसवरील मार्ग काढून टाकत नाही. त्या नोंदीपुढे 'लिंकडाउन' असा शेरा येतो, परंतु मूळ मांडणीत ती नोंद वापरात राहते. परिणामी पहिल्या कार्डाची केबल निघाली की दुसरे कार्ड सुस्थितीत असूनही सर्व्हर मेलेल्या वाटेनेच उत्तरे पाठवत राहतो. यावर योग्य उपाय बाँडिंग हाच आहे.

जोडणीची देखरेख

सदस्य चालू आहे की बंद, हे ड्रायव्हरला दोन प्रकारे कळते. बाँडिंगमधील बऱ्याच दोषांचे मूळ या दोन प्रकारांतील फरकात असते.

पहिला प्रकार एमआयआय देखरेख. यात नेटवर्क कार्डाला ठरावीक काळाने कॅरिअर संकेत आहे का, असे विचारले जाते. हा काळ 'एमआयआयमॉन' या मूल्याने मिलिसेकंदात दिला जातो. कर्नेलच्या दस्तऐवजात सुरुवातीसाठी १०० हे मूल्य सुचवले आहे. मूल्य शून्य असेल तर ही देखरेख बंद असते. एमआयआय आणि एआरपी या दोन्ही देखरेखी बंद ठेवलेल्या बाँडला सदस्य पडल्याचे कळतच नाही. अशा बाँडला राखीव मार्ग आहे, पण तो केव्हा वापरायचा हे सांगणारे कोणी नाही, अशी अवस्था होते. म्हणून कोणत्याही तपासात हे मूल्य सर्वप्रथम पाहिले जाते.

एमआयआय देखरेख केबलच्या दुसऱ्या टोकाशी वीज आणि संकेत आहे, एवढेच सांगते. त्यापुढील मार्गाविषयी ती काहीही सांगत नाही. सर्व्हर ज्या स्विचला जोडला आहे तो चालू असून त्याची वरच्या स्विचकडे जाणारी केबल तुटली असेल, तरी सदस्य 'चालू'च दिसतो आणि सर्व वाहतूक त्या स्विचपर्यंत जाऊन थांबते. सर्व्हर आणि स्विच यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टर असल्यास असेच घडते: पलीकडचे ऑप्टिकल फायबर तुटले तरी अलीकडची तांब्याची जोडणी जिवंत राहते. काही स्विचमध्ये वरची जोडणी पडताच खालचे पोर्ट आपोआप बंद करण्याची सोय असते. तीमुळे एमआयआय देखरेखीची ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

दुसरा प्रकार एआरपी देखरेख. यात ड्रायव्हर नेमून दिलेल्या आयपी पत्त्यांना, बहुधा गेटवेला, नियमितपणे एआरपी विचारणा पाठवतो व उत्तराच्या आधारे मार्ग जिवंत आहे का ते ठरवतो. असे १६ पर्यंत पत्ते देता येतात. एकच पत्ता दिला आणि ते उपकरण देखभालीसाठी बंद केले, तर सर्व सदस्य एकदमच निकामी ठरतात. निरोगी सर्व्हर स्वतःच्याच देखरेखीमुळे जाळ्यातून बाहेर पडतो. म्हणून किमान दोन स्वतंत्र उपकरणांचे पत्ते देणे इष्ट असते. एआरपी देखरेख पद्धत ४, ५ आणि ६ बरोबर वापरता येत नाही.

एआरपी देखरेखीलाही फसवणारी एक परिस्थिती आहे. एकाच स्विचला अनेक सर्व्हर जोडलेले असून ते सर्व एआरपी देखरेख वापरत असतील, तर स्विचची वरची जोडणी तुटल्यावर प्रत्येक सर्व्हरला शेजारच्या सर्व्हरांच्या विचारणा ऐकू येत राहतात. नुसती वाहतूक येते आहे एवढ्यावरच मार्ग जिवंत मानला जात असल्याने एकही सर्व्हर दुसऱ्या स्विचकडे वळत नाही. 'एआरपी व्हॅलिडेट' हे मूल्य यासाठीच आहे. ते चालू केल्यावर आलेले एआरपी पॅकेट नेमलेल्या पत्त्याशीच संबंधित आहे का, हे तपासले जाते. राखीव सदस्याच्या बाबतीत, सक्रिय सदस्याने पाठवलेली विचारणा जाळ्यातून फिरून राखीव सदस्यापर्यंत पोहोचते का, हे पाहिले जाते. त्यामुळे न वापरलेल्या मार्गाचीही काही प्रमाणात परीक्षा होते. काही जाळ्यांच्या रचनेत ही विचारणा राखीव सदस्यापर्यंत मुळात पोहोचूच शकत नाही. तेथे राखीव बाजूची ही तपासणी बंद ठेवावी लागते.

स्विचशी विसंगती

सर्व्हरवरील पद्धत आणि स्विचवरील मांडणी जुळत नसेल, तर सेवा पूर्णपणे बंद न पडता अर्धवट चालते. निदानाच्या दृष्टीने हीच स्थिती सर्वाधिक गोंधळात टाकते.

सर्व्हरवर ॲक्टिव्ह-बॅकअप पद्धत आणि स्विचवर मात्र दोन्ही पोर्ट हाताने एका समूहात बांधलेले, हे याचे ठळक उदाहरण होय. स्विचच्या दृष्टीने दोन्ही पोर्ट सारखेच असल्याने तो सर्व्हरकडे येणारी वाहतूक पत्त्यांच्या हॅशनुसार दोघांवर वाटतो. राखीव सदस्यावर आलेली पॅकेट्स ड्रायव्हर टाकून देतो. हॅश प्रत्येक जोडीसाठी ठरलेला असल्यामुळे एका संगणकावरून सर्व्हर नेहमी दिसतो, तर शेजारच्या संगणकावरून कधीच दिसत नाही. तक्रार करणारे आणि तक्रार नाकारणारे दोघेही खरे सांगत असतात. अशा वेळी दोष संगणकांत शोधण्यात बराच वेळ वाया जातो.

याउलट सर्व्हरवर पद्धत ० किंवा २ आणि स्विचवर समूह नाही, अशी स्थिती असल्यास एकच मॅक पत्ता स्विचला कधी एका, तर कधी दुसऱ्या पोर्टवर दिसतो. स्विचच्या नोंदवहीत मॅक पत्ता पोर्ट बदलत असल्याचे संदेश सतत येऊ लागतात. सर्व्हरच्या नोंदींत मात्र काहीच आढळत नाही. दोष शोधण्यासाठी स्विचकडेच पाहावे लागते.

पद्धत ४ मध्ये बोलणी झाली की नाही, हे बाँडच्या स्थिती-अहवालातून समजते. समोरच्या उपकरणाचा मॅक पत्ता सर्व शून्यांनी भरलेला असल्यास एलएसीपी संदेश येत नाहीत, असा अर्थ होतो. स्विचवर एलएसीपी चालू नसणे हे त्याचे नेहमीचे कारण. दोन सदस्यांचे 'ॲग्रिगेटर' क्रमांक वेगवेगळे असतील, तर ते एका समूहात आलेले नाहीत. परस्परांशी जोडलेले नसलेल्या दोन स्वतंत्र स्विचना एकेक केबल लावल्यास, किंवा दोन पोर्टांचे वेग वेगवेगळे असल्यास असे होते. तेव्हा एका वेळी एकच समूह वापरात राहतो. सेवा चालते, वेग मात्र अर्धाच मिळतो.

वेगाविषयीच्या सर्वच तक्रारी दोषामुळे नसतात. पद्धत ४ मध्ये एका संवादाची सर्व पॅकेट्स एकाच सदस्यावरून जातात, त्यामुळे १ गिगाबिटच्या दोन जोडण्या असूनही एक मोठी फाइल १ गिगाबिटच्या वेगानेच जाते. शिवाय हॅश मूळ मांडणीत केवळ मॅक पत्त्यांवरून काढला जातो. सर्व्हरचे सर्व ग्राहक गेटवेच्या पलीकडे असतील, तर प्रत्येक पॅकेटवर गेटवेचाच मॅक पत्ता असतो आणि सारी वाहतूक एकाच केबलवर लोटते. आयपी पत्ते किंवा पोर्ट क्रमांक विचारात घेणारे हॅश-धोरण निवडल्यास वाहतूक वाटली जाते.

राखीव मार्गातील सुप्त दोष

ॲक्टिव्ह-बॅकअप पद्धतीत राखीव सदस्यावरून दिवसेंदिवस एकही उपयोगी पॅकेट जात नाही. त्याचा स्विच-पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असेल, तर कॅरिअर संकेत ठीक, वेग ठीक, बिघाडांची संख्या शून्य, असाच अहवाल येतो. ज्या दिवशी मुख्य मार्ग तुटतो, त्या दिवशी बाँड आपले काम अचूक करून राखीव सदस्याकडे वळतो आणि सर्व्हर जाळ्यातून नाहीसा होतो. स्विच बदलताना किंवा नवा व्हीलॅन जोडताना फक्त वापरात असलेल्या पोर्टची मांडणी अद्ययावत करणे, हे यामागचे सर्वसाधारण कारण असते.

काही मार्ग केवळ कागदावर दोन असतात. दोन्ही सदस्य एकाच दुहेरी कार्डाचे पोर्ट असतील, तर कार्डाबरोबर दोन्ही जातात. दोन्ही केबल एकाच स्विचला, किंवा दोन वेगळ्या पण एकाच वीजपट्टीवर चालणाऱ्या स्विचना गेल्या असतील, तर ती गोष्ट संगणकाच्या कोणत्याही आज्ञेतून उघड होत नाही. त्यासाठी रॅकपाशी जाऊन केबल हाताने तपासावी लागते. 'ईथटूल' या आज्ञेत कार्डावरील दिवा लुकलुकवण्याची सोय आहे. तिच्या साहाय्याने कोणते नाव कोणत्या पोर्टचे, हे निश्चित करता येते. चुकीची केबल काढण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

मार्ग बदलतानाचे दोष

सक्रिय सदस्य बदलला तरी बाँडचा मॅक पत्ता सामान्यतः तोच राहतो, पण तो आता वेगळ्या पोर्टवर आहे, हे स्विचला कळावे लागते. त्यासाठी ड्रायव्हर न विचारता एक एआरपी घोषणा पाठवतो. 'फेल-ओव्हर मॅक' हे मूल्य 'ॲक्टिव्ह' ठेवलेले असेल, तर मॅक पत्ताही बदलतो आणि ही घोषणा वाटेत हरवल्यास इतर उपकरणे जुन्या पत्त्यावरच पॅकेट्स पाठवत राहतात. सिस्कोच्या राउटरमध्ये एआरपी नोंद मूळ मांडणीत ४ तास टिकते, हे पाहता हा व्यत्यय दीर्घ ठरू शकतो. पाठवायच्या घोषणांची संख्या मूळ मांडणीत एक असते व ती वाढवता येते.

दुसरा दोष मार्ग परत फिरताना दिसतो. बंद पडलेला स्विच पुन्हा चालू झाला की कॅरिअर संकेत लगेच येतो, परंतु स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलच्या मूळ स्वरूपात पोर्ट प्रत्यक्ष वाहतूक सुरू करण्यापूर्वी १५ सेकंदांच्या दोन अवस्थांतून जातो. बाँडमध्ये तो सदस्य 'प्रायमरी' म्हणून नेमलेला असेल, तर ड्रायव्हर चालू मार्ग सोडून त्याच्याकडे धावतो आणि सुमारे ३० सेकंद संपर्क तुटतो. दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच सेवा खंडित होण्याचे हे कारण असते. स्विच-पोर्टला टोकाचा पोर्ट म्हणून नेमणे, 'अपडिले' हे मूल्य वाढवणे, किंवा चालू सदस्य पडेपर्यंत मार्ग बदलू नये असे 'प्रायमरी रीसिलेक्ट' या मूल्याने सांगणे, असे तीन उपाय आहेत. 'अपडिले' हे 'एमआयआयमॉन'च्या पटीत असावे लागते. नसल्यास ते खालच्या पटीपर्यंत उतरवले जाते.

बाँड आपला मॅक पत्ता सामान्यतः पहिल्या सदस्याकडून घेतो. ते कार्ड बाँडमधून काढून त्याच जाळ्यात इतरत्र वापरल्यास एकच पत्ता दोन ठिकाणी दिसू लागतो. कर्नेल याबाबत नोंदवहीत इशारा देतो.

निदानाची साधने

बाँडची सद्यःस्थिती 'प्रॉक' फाइलप्रणालीतील नेट निर्देशिकेखालील बाँडिंग या निर्देशिकेत, प्रत्येक बाँडच्या नावाच्या फाइलमध्ये वाचता येते. पद्धत, देखरेखीचा काळ, सध्याचा सक्रिय सदस्य, प्रत्येक सदस्याची अवस्था, वेग, कायमचा मॅक पत्ता आणि बिघाडांची संख्या तेथे दिसते. या फाइलमध्ये सदस्यांसाठी 'स्लेव्ह' हा जुना शब्द अद्याप आढळतो. नवी साधने 'पोर्ट' हा शब्द वापरतात. बिघाडांची संख्या सदस्य बाँडमध्ये आल्यापासूनची असते, त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास ती शून्यावर येते. तपासाआधीच सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची सवय म्हणूनच हानिकारक ठरते: ज्या सदस्यावर वारंवार बिघाड झाले त्याचा पुरावा तिच्यामुळे पुसला जातो. 'टीसीपीडंप' हे साधन बाँडवर न चालवता एकेका सदस्यावर चालवल्यास पॅकेट्स नेमकी कोणत्या केबलवर येतात ते कळते.

चाचणी

चालू मार्ग न तोडता राखीव मार्ग तपासण्याची सोय ड्रायव्हरमध्ये आहे. सक्रिय सदस्याचे नाव 'सिसएफएस'मधील संबंधित फाइलमध्ये लिहून बदलता येते. चुकीच्या व्हीलॅनसारखा दोष या एका कृतीने उघड होतो. प्रत्यक्ष केबल काढणे ही पुढची पायरी. दुरून आज्ञा देऊन सदस्य बंद करणे तिच्या बरोबरीचे नाही, कारण त्यात कॅरिअर संकेत जाण्याची नेहमीची घटना घडेलच असे नाही. मात्र या दोन्ही चाचण्यांत केवळ जवळची जोडणी तुटते. केबल जिवंत आणि मार्ग मृत, ही स्थिती निर्माण करण्यासाठी स्विचची वरची जोडणी तोडावी लागते किंवा पोर्टमधून व्हीलॅन काढावा लागतो. अशा चाचणीत संपर्क पूर्णपणे तुटण्याची शक्यता असल्याने सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा बाँडवर अवलंबून नसलेला मार्ग, जसे की स्वतंत्र व्यवस्थापन पोर्ट, आधीच तयार ठेवला जातो.

इतर प्रणाली

लिनक्समध्ये २०१२ साली, कर्नेल ३.३ मध्ये, 'टीम' हा पर्यायी ड्रायव्हर आला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मध्ये तो कालबाह्य ठरवून पुन्हा बाँडिंगचीच शिफारस करण्यात आली. फ्रीबीएसडीमध्ये याच कामासाठी 'लॅग' हा ड्रायव्हर असून तो ओपनबीएसडीच्या 'ट्रंक' ड्रायव्हरवरून घेतला आहे. सोलॅरिसमध्ये 'आयपीएमपी' ही आयपी स्तरावर चालणारी व्यवस्था आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ पासून 'एनआयसी टीमिंग' संचालन प्रणालीतच दिले. त्यापूर्वी ही सोय कार्ड-उत्पादकांच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होती.